मोठ्यांच्या हाताला रंग-माती : कार्यशाळा कशी शोधावी, कशी पारखावी



साखर, रक्तदाब, अंगात रक्त कमी असणे, गुडघेदुखी हे या पानाचे नेहमीचे विषय. आज जरा वेगळा विषय घेत आहोत. घरातल्या मोठ्या माणसांनी, तिशी-चाळिशीच्या आणि साठीच्याही बाया-पुरुषांनी, हाताने काही घडवायला शिकावे काय? माती, रंग, कापड, कागद, बांबू, काहीही. आणि शिकायचे तर चांगली कार्यशाळा कुठे मिळेल, ती चांगली आहे हे ओळखायचे कसे? आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येते आहे.

वस्तीतल्या हातांना कामाची कमी नाही. पहाटे उठून चार घरची धुणी-भांडी करणारे हात आहेत, झाडू आणि घमेले धरणारे आहेत, शिलाई मशीनवर दिवसभर कॉलर बसवणारे आहेत, मोटारसायकलवरून पार्सल पोचवणारे आहेत. पण या प्रत्येक कामाचे माप, वेळ आणि दाम दुसराच कुणी ठरवतो. आपल्याला वाटले म्हणून, आपल्या मनाच्या आकाराचे काही करणे, हे बहुतेकांचे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीबरोबर सुटते. पुढे मुलांसाठी आपण खडूंचे बॉक्स आणतो, त्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवतो, आणि स्वतः दारात उभे राहून बघतो. कुणी बोलावलेच तर उत्तर ठरलेले: “आता या वयात काय शिकायचं? लोक हसतील.”

बाबासाहेबांच्या डोक्यावर कामाचा केवढा डोंगर होता हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांनीही उतारवयात, तब्येत साथ देत नसताना, चित्रकलेचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले होते. त्यात परीक्षा नव्हती आणि पदवीही मिळणार नव्हती. तेव्हा वयाचा मुद्दा आपण इथेच सोडून देऊ.

अंगात काय फरक पडतो

बोटांची हालचाल सांभाळायला मेंदूचा बराच मोठा भाग कामाला लागतो. पाठ किंवा मांडी यांच्या मानाने हाताला मेंदूत कितीतरी जास्त जागा आहे. माती मळताना, टाका घालताना, ब्रश फिरवताना दोन्ही हात, डोळे आणि लक्ष एका ठिकाणी येते. उधारी, भाडे, मुलाची नोकरी ही डोक्यातली चक्की तेवढा वेळ मंदावते. ध्यानाला बसले की ज्यांचे मन पळते, त्यांनाही मातीच्या गोळ्यावर अर्धा तास लक्ष ठेवणे जमते, असे आम्ही पाहिले आहे.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन किंवा कागद कापून चिकटवणे यांपैकी हवे ते करू दिले. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल नावाचा घटक वाढतो आणि तो लाळेत मोजता येतो. सुमारे ७५ टक्के लोकांचे कॉर्टिसोल उतरलेले आढळले. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना कलेचा सराव होता आणि ज्यांना तो फारसा नव्हता, त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पाव हिश्श्याच्या लोकांत तो उतार दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण “मला चित्र काढता येत नाही, मग माझा काय उपयोग” म्हणणाऱ्या ताईंना दाखवण्यासारखा हा अभ्यास नक्कीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन अहवाल काढला. कलेत भाग घेतल्याने आजार टाळायला आणि आजारातून सावरायला हातभार लागतो, असे त्यात मांडले आहे. टीबीशी तर या विषयाचे जुने नाते आहे. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ साली टीबीने आजारी होऊन सॅनेटोरियममध्ये पडला होता. पडल्या पडल्या तो चित्रे काढू लागला, पुढे इतर रुग्णांनाही शिकवू लागला. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली त्यानेच रूढ केला. तेव्हा टीबीवर गुण देणारी औषधे हाताशी नव्हती. आज आहेत, म्हणून गोळी चुकवून कुणी माती मळायला बसू नये.

अहवालातला शब्द ‘हातभार’ असाच घ्यावा. महिनोन्महिने झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही, दारू सुटता सुटत नाही, अशा माणसाला कार्यशाळा पुरणार नाही. त्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६ या क्रमांकावर, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. कार्यशाळा त्याच्या जोडीला चालेल.

वस्तीत असे काही होते का?

झालेले आहे. आरोग्याचे काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेने २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत ‘धारावी बिएनाले’ भरवले. बिएनाले म्हणजे दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन. जगभर ती श्रीमंत शहरांच्या दालनांत भरतात, हे मात्र धारावीच्या गल्ल्यांत भरले. त्याआधी बराच काळ वस्तीतल्या लोकांच्या कलावंतांबरोबर कार्यशाळा चालल्या होत्या आणि विषय आरोग्याचे होते. बायांनी कापडाचे तुकडे जोडून धारावीचा नकाशा तयार केला आणि बाईवर हिंसा कुठे होते ते त्यावर दाखवले. मार खाल्लेली बाई चारचौघांत तोंड उघडत नाही, पण गोधडीसारखे कापड मध्ये पसरले, हात टाक्यात गुंतले, की शेजारणीशी बोलायला लागते. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

जाहिरात वाचताना

मोबाइलवर कार्यशाळांच्या जाहिराती आता पुष्कळ येतात. दोन तास, फी हजाराच्या पुढे, सोबत कॉफी आणि शेवटी फोटो. त्या सगळ्याच वाईट असतात असे नाही. पण घरखर्चातून पैसे काढून जायचे तर आधी फोन करून चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर देणारा कंटाळला तर तेच उत्तर समजावे.

पहिला प्रश्न: माझा हात किती वेळ चालणार? चाकावरच्या कुंभारकामाला पंधरा माणसे आणि दोनच चाके असतील, तर शिक्षकाने करून दाखवण्याचा वेळ धरता दोन तासांत एकेकाच्या वाट्याला पंधरा मिनिटेही येत नाहीत. बाकी वेळ दुसऱ्याचे बघत बसायचे. नवख्याने चाकाच्या मागे लागूच नये, असे आमचे मत आहे. चाकावर माती मधोमध बसवायलाच कित्येक दिवस लागतात. हाताने दाबून, वळ्या रचून केलेले भांडे पहिल्याच दिवशी उभे राहते आणि ते सर्वस्वी आपले असते.

दुसरा प्रश्न: आकार कोण ठरवणार? काही ठिकाणी छापील चित्र देतात आणि नंबराप्रमाणे रंग भरायला सांगतात. बाहेर पडताना वीस जणांच्या हातात वीस सारखे मोर. घटकाभर करमणूक म्हणून ठीक, पण दिवसभर दुसऱ्याने आखून दिलेले काम करणाऱ्या माणसाने रविवारीही तेच का करावे?

तिसरा: साहित्य फीमध्ये धरले आहे का, आणि केलेली वस्तू घरी नेता येते का? मातीकाम असेल तर भाजण्याचे पैसे वेगळे घेतात, ते आधीच विचारावे. चौथा प्रश्न: हे एकदाच आहे की पुन्हा यायचे आहे? चार किंवा सहा रविवार चालणारी साधी कार्यशाळा एका दिवसाच्या झगमगीत कार्यशाळेपेक्षा केव्हाही बरी. पहिल्या दिवशी माणूस लाजण्यातच वेळ घालवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हात मोकळा होतो.

शिक्षकाची पारख मात्र फोनवर होत नाही. एक खूण सांगतो. आपले वाकडे झाले की आपल्या हातातून काढून घेऊन तो स्वतःच नीट करून देतो का, हे बघावे. तसे करणारा शिक्षक कितीही मोठा कलावंत असो, त्याच्याकडून आपण हात न शिकताच परत येतो. चांगला शिक्षक शेजारी बसतो, दुसऱ्या गोळ्यावर करून दाखवतो आणि आपला गोळा आपल्याकडेच ठेवतो.

शिकवणारा कोणाची कला शिकवतो आहे, हेही बघावे. वारली चित्रांचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. गेरू किंवा शेणमातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने ही चित्रे काढतात. लग्नाचा चौक लिहिण्याचे काम मुळात वारली बायांचे. पालघरकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आजही त्या भागातले वारली कलाकार शिकवायला येतात. दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला शहरातला कुणीही शिकवील, पण चौकात काय लिहितात आणि का, ते त्यांच्याकडूनच कळते. शिवाय फीचे पैसे ज्याच्या समाजाने ती कला सांभाळली त्याच्या घरात जातात. कारागिराच्या हाताला दाम न देता त्याचे हुन्नर विकणारे लोक आपल्याला नवे नाहीत.

आणि एक सावधगिरी, कारण यात वस्तीतल्या कितीतरी बायांचे पैसे बुडाले आहेत. “कार्यशाळा फुकट, फक्त किट विकत घ्या, तुम्ही केलेला माल आम्ही घरी येऊन विकत घेऊ” असे कुणी सांगत असेल तर किटचे पैसे देऊ नयेत. माल न्यायला आलेला माणूस तो ‘नापास’ करतो, किंवा येतच नाही. ज्यांना कमाईसाठी शिकायचे आहे त्यांनी जन शिक्षण संस्थानची चौकशी करावी. केंद्र सरकारची ही योजना आहे. तिचे पहिले केंद्र १९६७ साली मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ या नावाने सुरू झाले होते. न शिकलेल्या, शाळा सुटलेल्या १५ ते ४५ वयाच्या लोकांसाठी ते वर्ग असतात आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक यांना प्राधान्य असते. पंचेचाळिशी उलटलेल्यांचा विचार त्यात नाही, ही त्यातली उणीव. पण कमाईचा वर्ग आणि मनासाठीची कार्यशाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हव्यात, एकीची अपेक्षा दुसरीकडून करू नये.

कुठे चौकशी करावी

मुंबईकरांना जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा काळा घोडा महोत्सव सोयीचा. १९९९ पासून भरतो, नऊ दिवस चालतो, प्रवेशाला पैसे नाहीत. कार्यशाळांना मात्र आधी नाव नोंदवावे लागते आणि जागा भराभर संपतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका वेळेवर बघावी. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेले. मुंबईतल्या माणसांचे धंदे आणि पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती तिथे आहेत. मातीकाम शिकायचे मनात असेल त्याने आधी त्या बघाव्यात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कार्यशाळा होतात. जाण्याआधी फोन करून संग्रहालय उघडे आहे ना, मोठ्यांसाठी काही आहे का, हे विचारून घ्यावे. नागपूर आणि विदर्भातल्या वाचकांनी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रावर लक्ष ठेवावे. तिथल्या हस्तकला मेळ्यात कारागीर समोर बसून काम करतात. गर्दी नसलेल्या दुपारी गेले तर ते हातात घेऊनही दाखवतात.

अशा इमारतींच्या पायऱ्या चढताना आपले पाय अडखळतात, हे आम्हाला माहीत आहे. दारावरचा पहारेकरी, आतले इंग्रजी, आपल्या चपला. म्हणून एकट्याने जाऊ नये, चौघींनी मिळून जावे आणि मराठीतच विचारावे. ही सार्वजनिक ठिकाणे आहेत, आपल्या सगळ्यांची.

जवळचा मार्ग आणखी एक आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन बघायला जावे आणि ज्याचे काम आवडले त्याच्याशी बोलावे. वस्तीत येऊन शिकवायला तयार असणारी मुले त्यात भेटतात. कित्येकदा तीही कुठल्यातरी वस्तीतूनच आलेली असतात.

विहारात करायचे झाले तर

आम्हाला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो. विहारात जागा आहे, पाणी आहे, चटया आहेत, आणि वंदनेला येणाऱ्या बाईला घरून परवानगी मागावी लागत नाही. शिकवणाराही लांबून आणायची गरज नसते. फ्लेक्स आल्यापासून ज्याचे ब्रश वाळत पडले आहेत असा बोर्ड रंगवणारा पेंटर प्रत्येक वस्तीत असतो. एका हाताने सरळ रेघ ओढायची कशी, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही. ए.टी.डी. होऊन नोकरीची वाट बघणारी पोरगी असते. प्लास्टरवर नक्षी काढणारा गवंडी असतो, गोधडी शिवणारी आजी असते. त्यांना मानधन जरूर द्यावे, थोडे का होईना. ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट राबवू नये. प्रत्येकी वीस-पंचवीस रुपये काढले तरी त्याचा मान राहतो.

पहिल्या वेळी बारा जणांपेक्षा जास्त नकोत आणि वेळ दोन तास. सुरुवात शाडूच्या मातीने करावी. भट्टी लागत नाही, हत्यारे लागत नाहीत आणि बिघडले तर पुन्हा भिजवता येते. माणशी दीड किलो तयार माती पुरते. विषय देऊ नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे. विषय दिला की सगळे मूर्ती करायला बसतात, चेहरा जमत नाही आणि खट्टू होतात. पहिला अर्धा तास डोळे मिटून नुसता गोळा दाबू द्यावा. मग हातात जे आले आहे त्यावरून पुढे जावे. पुरुषांना वेगळे बोलवावे लागेल. बायांच्या घोळक्यात ते येत नाहीत, दारात उभे राहून विनोद करतात. कामावरून निवृत्त झालेले आणि दिवसभर घरात कुणाला नकोसे झालेले बाबा लोक मात्र एकदा बसले की उठत नाहीत.

लहान मुले बरोबर येणारच. त्यांना बाजूला एक चटई आणि मातीचा वेगळा गोळा द्यावा. नाहीतर आईचा गोळा तेच घेतात आणि आई पुन्हा बघत बसते.

तब्येतीच्या दृष्टीने काय जपावे

आधी डोळे. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. सुई ओवता येत नाही म्हणून कितीतरी बाया “आता माझ्याच्याने होत नाही” म्हणून सोडून देतात. त्यांना हवा असतो फक्त जवळचा चष्मा. कार्यशाळेच्या आधी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची आणि टेबल द्यावे, मांडी घालण्याचा आग्रह नको.

साखर असलेल्यांच्या बोटांना पुष्कळदा बधिरपणा असतो. कटर, जाड सुई, गरम गोंदाची बंदूक लागलेली कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी मऊ माती, कापड, ब्रश असे काम घ्यावे आणि उठताना हात नीट बघावेत. लकवा मारलेल्या हातासाठी मातीचा व्यायाम चांगला असतो, पण किती आणि कसा ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे.

थिनर, टर्पेंटाइन, स्प्रे रंग आणि हल्ली फार चाललेले रेझिन हे बंद खोलीत वापरू नये. दमेकरी, गरोदर बाया आणि लहान मुले यांनी त्यापासून लांबच राहावे. पाण्यात मिसळणारे रंग आपल्याला पुरेसे आहेत. सुटे रंग घेऊ नयेत, डब्यावर शिसे नसल्याचे लिहिलेले बघून घ्यावेत. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते. त्यात हात बुडवून ठसा घेण्याचा प्रकार कुणी करायला लावत असेल तर करू नये, बोटे भाजतात.

मातीचे काम संपल्यावर फरशी कोरड्या झाडूने झाडू नये. वाळलेल्या मातीची बारीक धूळ छातीत जाते आणि दगडखाणीतल्या मजुराला जो छातीचा आजार होतो त्याचे कारण अशीच धूळ असते. ओल्या फडक्याने पुसावे. हात आधी बादलीत धुवावेत, मोरीत नाही, नाहीतर दोन रविवारांत विहाराची मोरी तुंबते आणि कमिटी कार्यशाळा बंद करते. बादलीतली माती रात्रभरात खाली बसते. वरचे पाणी झाडांना घालून तीच माती पुन्हा वापरता येते.

केलेल्या वस्तू लगेच उन्हात ठेवू नयेत, तडे जातात. सावलीत, वर्तमानपत्रावर, चार-पाच दिवस वाळू द्याव्यात आणि प्रत्येकीखाली चिठ्ठीवर नाव लिहावे. पुढच्या रविवारी ज्याला वाटेल त्याने रंग द्यावा, ज्याला आवडली नसेल त्याने आपली वस्तू परत बादलीत सोडावी.